दमास्कस ते ठाणे : जुन्या ख्रिस्ती लेखकांनी लिहिलेला इस्लाम

धागाकर्ता : बोरूबहाद्दर

क्रूसेडच्या (युरोपातल्या ख्रिस्त्यांनी मुसलमानांविरुद्ध केलेल्या धर्मयुद्धांच्या) धाग्यावर परवा कुणीतरी ठोकून दिलं की 'क्रूसेड झाली म्हणून युरोपला इस्लाम कळला, त्याआधी ख्रिस्ती लोकांना त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं'. तिथे उत्तर लिहायला बसलो आणि ते काही आवरेना, म्हणून हा वेगळा धागा.

मुळात इस्लामबद्दल लिहिणारे पहिले ख्रिस्ती युरोपातले नव्हतेच. ते पॅलेस्टाइन, सीरिया, इराक, आर्मेनिया इथले. ग्रीक, सिरियाक (तिकडच्या ख्रिस्त्यांची धर्मभाषा), आर्मेनियन लिहिणारे. अरब फौजा त्यांच्याच गावांतून गेल्या. पैगंबर महंमदांचं निधन ६३२ सालचं. त्यानंतर दहाएक वर्षांतच, ६४० च्या सुमारास, थॉमस नावाच्या पाद्र्याशी जोडल्या गेलेल्या एका सिरियाक बखरीत नोंद सापडते : ६३४ च्या फेब्रुवारीत गाझाच्या पूर्वेला बारा मैलांवर रोमन (म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाचं) सैन्य आणि 'महंमदाचे अरब' यांची लढाई झाली, रोमन पळाले, आणि चार हजार गरीब खेडूत मारले गेले. त्यांत ख्रिस्ती होते, ज्यू होते, समरितनही होते. बस्स, एवढंच. धर्माबद्दल चकार शब्द नाही. लिहिणाऱ्याला फौज दिसली, तिच्या म्होरक्याचं नाव कानावर आलं, ते त्याने टिपलं.

त्याच वर्षीच्या नाताळात जेरुसलेमचा धर्माध्यक्ष सोफ्रोनियस याचं प्रवचन आहे. बेथलेहेम हाकेच्या अंतरावर, पण वाटेवर अरब, त्यामुळे लोकांना तिथे जाता येत नाही. ही कुणामुळे आली वेळ? आपल्या पापांमुळे. त्या पिढीतल्या बहुतेकांचं उत्तर हेच : देवाने आपल्याला शिक्षा करायला यांना पाठवलंय, आपण सुधारलो की जातील. त्यामुळे हे लोक मानतात काय, प्रार्थना कशी करतात, हे जाणून घ्यायची गरजच कुणाला वाटली नाही. वादळाचा धर्म कोण विचारतो?

आर्मेनियन मात्र वेगळा. सेबिओसच्या नावावर असलेला इतिहास ६६० च्या दशकातला आहे. त्यात महंमद हा व्यापारी, मोशेचा इतिहास जाणणारा, लोकांना अब्राहामाच्या देवाकडे वळवणारा असा येतो. मेलेल्या जनावराचं मांस खाऊ नये, दारू पिऊ नये, खोटं बोलू नये, व्यभिचार करू नये असा नियम त्याने घालून दिला, असंही लिहिलंय. शिवी नाही, स्तुतीही नाही. (पुढे अरबांच्या राज्याला तो भयंकर श्वापद म्हणतो, ते वेगळं. राज्यावरचा राग त्याने शिकवणीच्या वर्णनात मिसळला नाही, हे मला फार विशेष वाटतं.)

आणि इराकमधला तिसरा यिशोयाब. हा पूर्वेकडच्या सिरियाक चर्चचा प्रमुख, मृत्यू ६५९. त्याच्या एका पत्रात चक्क असं आहे की देवाने ज्यांना जगाचं राज्य दिलं ते अरब आपल्या धर्माच्या विरोधात नाहीत. उलट आपल्या धर्माची वाखाणणी करतात, पाद्र्यांचा मान राखतात, चर्चना आणि मठांना मदत करतात. हे वाचून लगेच 'बघा, किती सहिष्णुता' म्हणत नाचायचं कारण नाही. एक तर त्याचं चर्च आधीच शतकानुशतकं इराणच्या सासानी बादशहांच्या हाताखाली होतं, आणि कॉन्स्टँटिनोपलवाले त्यांना पाखंडी समजत. राज्यकर्ता ख्रिस्ती असावा ही अपेक्षाच त्यांना नव्हती. दुसरं, हे पत्र म्हणजे झाडलेले ताशेरे आहेत. ओमानकडचे ख्रिस्ती धर्म सोडून गेले होते. यिशोयाबचं म्हणणं असं की तुमच्यावर ना तलवार उगारली ना आग लावली. अर्धी मालमत्ता द्यावी लागेल एवढ्यासाठी तुम्ही धर्म सोडलात! अरब चांगले आहेत हे सांगितलं की पळून गेलेल्यांना सबब उरत नाही. स्तुतीला असं कारण होतं.

इथून पुढे माझा मुद्दा सुरू होतो. ही सगळी लिखाणं मुसलमानांबद्दल आहेत, पण मुसलमानांशी बोलत नाहीत. ती आपल्याच माणसांना दटावतात, धीर देतात, थोपवून धरतात. कोण कुणाला थोपवतोय हे पाहिलं की मजकूर असा का आहे ते उलगडतं.

दमास्कसच्या योहानाचं उदाहरण घ्या. आठव्या शतकाचा पूर्वार्ध. याचे वडील सरजून उमय्या खलिफांच्या महसुली कारभारातले बडे अधिकारी. म्हणजे हा पोरवयापासून दरबाराच्या सावलीत वाढलेला; मुसलमान कसे असतात हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पुढे साधू झाला आणि पाखंडांची एक लांबलचक यादी ग्रीकमध्ये लिहिली, तिच्या शेवटी 'इश्माएलींचं (म्हणजे अरबांचं) पाखंड'. नवा धर्म म्हणून नव्हे, पाखंड म्हणून! आणि माहिती बरीचशी बरोबर आहे. येशू देवाचा शब्द आणि आत्मा, मरियमेपोटी पित्याविना जन्म, पण क्रुसावर मृत्यू नाही, हे कुराणातलं म्हणणं तो नीट मांडतो. चार बायकांची मुभा, सुंता, मद्याला बंदी, सगळं येतं. सूरांची (कुराणातल्या अध्यायांची) नावंही देतो : स्त्रिया, गाय, भोजनाचं ताट. मध्येच 'देवाची उंटीण' अशी एक सूरा सांगतो, जी कुराणात नाही. उंटिणीची गोष्ट आहे, त्या नावाची सूरा नाही. आणि मग काबाच्या दगडाबद्दल म्हणतो की हे तर ॲफ्रोडाइटीचं डोकं! महंमदांना कुणा एरियन (येशूला पित्याच्या बरोबरीचा देव न मानणाऱ्या जुन्या ख्रिस्ती पंथाच्या) साधूने शिकवलं असावं हा तर्कही त्याचाच. तो पुढे हजार वर्षं चघळला गेला. एवढं जवळून पाहिलेल्या माणसाने असं का लिहावं? कारण त्याच्या डोळ्यांदेखत ख्रिस्ती कारकून, कारागीर, शेजारी धर्म बदलत होते. नवा धर्म म्हटला तर त्याच्याशी सामना करावा लागतो. आपल्याच जुन्या चुकांचं कडबोळं म्हटलं की काम भागतं.

बगदादचा तिमथी याच्या अगदी उलट वळणाचा. हाही पूर्वेकडच्या चर्चचा प्रमुख. ७८१-८२ च्या सुमारास खलिफा अल-महदीशी त्याचा दोन दिवस वाद झाला. खलिफाने विचारलं, महंमदांबद्दल तुझं मत काय? प्रश्न गळ्यात फास टाकणारा. तिमथी म्हणाला, ते पैगंबरांच्या वाटेने चालले. लोकांना एका देवाकडे नेलं, मूर्तिपूजा मोडली, वाईटापासून दूर केलं. 'पैगंबर होते' असं म्हटलं नाही, आणि 'नव्हते' असंही नाही! शेवटी तो मोत्याचा दाखला देतो. अंधाऱ्या घरात मध्यरात्री मोती पडला. जो तो चाचपतो, एकाच्या हाती मोती येतो, बाकीच्यांच्या हाती काच नाहीतर खडा. प्रत्येकाला वाटतं मोती माझ्याच मुठीत. उजाडेल तेव्हा कळेल.

आता पश्चिम युरोप. तिथे सुरुवातीला माहितीचा दुष्काळच, पण पुरता नाही. आर्कुल्फ नावाचा एक गॉलचा (आजच्या फ्रान्सकडचा) बिशप ६८० च्या आसपास जेरुसलेम पाहून आला आणि स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरच्या ॲडम्नान या मठाधिपतीने त्याचं सांगणं लिहून घेतलं. पूर्वी जिथे ज्यूंचं मंदिर होतं तिथे सारासिनांनी (युरोपी लोक मुसलमानांना हेच म्हणत) पडक्या अवशेषांवर फळ्या आणि मोठ्या तुळया टाकून चौकोनी प्रार्थनाघर उभारलंय, ओबडधोबड आहे, तीन हजार माणसं मावतात. त्या जागेवरच्या पहिल्या मशिदीचं हे फार जुनं वर्णन, आणि ते जपलं गेलं कुठे, तर अटलांटिकमधल्या एका बेटावर.

स्पेनमध्ये ८५० च्या दशकात कॉर्डोव्हाचे युलोगियस आणि पॉल अल्व्हारस. अल्व्हारसची तक्रार वाचून हसू येतं : आपली तरुण पोरं अरबी कवितांच्या नादी लागलीत, अरबीत झोकदार रचना करतात, आणि लॅटिनमध्ये मित्राला धड पत्र लिहिता येत नाही! 'आजकालची मुलं मराठी वाचत नाहीत' या चर्चेचे पूर्वज नवव्या शतकातही होते तर. पण याच काळात कॉर्डोव्हात जवळपास पन्नास ख्रिस्ती जाणूनबुजून काझीसमोर जाऊन पैगंबरांची निंदा करून मरण पत्करत होते, आणि खुद्द तिथले बरेच ख्रिस्ती, बिशपसुद्धा, हे थांबवा म्हणत होते. युलोगियस लिहितो ते या बिशपांना उत्तर म्हणून.

मग इ.स. ११०० च्या सुमारास फ्रेंच वीरगाथा येतात. रोलंडच्या गाथेतले सारासिन तीन मूर्तींची पूजा करतात, महूमेट, अपोलिन आणि तेर्वागान, आणि लढाई हरल्यावर रागाने त्याच मूर्तींची मोडतोड करतात. ज्या धर्माची ओळखच मूर्ती न मानणं, त्याच्या गळ्यात तीन मूर्ती! हे अज्ञान म्हणावं तर ११४२ साली फ्रान्समधल्या क्लूनीचा मठाधिपती पीटर स्पेनला गेला, पदरचे भरपूर पैसे मोजून इंग्लंडच्या रॉबर्ट ऑफ केटनकडून कुराणाचं लॅटिन भाषांतर करून घेतलं, आणि ते ११४३ मध्ये पुरं झालं. रॉबर्टला खरा रस खगोलशास्त्र आणि भूमितीत; त्यासाठी तो अरबी शिकला होता. म्हणजे कपाटात कुराण आलं, तरी भाटांच्या गाण्यात मूर्ती नाचतच राहिल्या. ऐकणाऱ्यांना तेच हवं होतं. पीटर स्वतः मुसलमानांना उद्देशून लिहितो की मी तुमच्याकडे शस्त्राने नाही शब्दाने, द्वेषाने नाही प्रेमाने येतोय. फारच छान. लिहितो मात्र लॅटिनमध्ये. कैरोत ते वाचणार कोण होतं?

शेवटचा माझा लाडका, फ्लॉरेन्सचा डॉमिनिकन (एक ख्रिस्ती साधुसंघ) रिकोल्दो. १२९० च्या सुमारास बगदादला पोचला, अरबी शिकला, मदरशांत बसला. लिहितो की त्यांनी आम्हाला देवदूतांसारखं घरात घेतलं. त्यांची अभ्यासाची आस, प्रार्थनेतली निष्ठा, दानधर्म, देवाच्या नावाबद्दलचा आदर, परक्याशी वागण्यातली माया, आपसातला सलोखा, एकेक गुण घेऊन तो दाखले देतो. मग त्याच हाताने त्यांच्या धर्मशास्त्रावर तुटून पडतो. आणि मध्ये कबुली देतो की हे गुणवर्णन सारासिनांची स्तुती म्हणून कमी, ख्रिस्त्यांना लाज वाटावी म्हणून जास्त लिहिलंय. १२९१ मध्ये क्रूसेडवाल्यांचं अक्रा पडलं आणि तिथली लूट बगदादच्या बाजारात विकायला आलेली त्याने पाहिली, तेव्हा थेट देवालाच पत्रं लिहिली : तुला हवंय तरी काय? मी मुसलमान व्हावं असं तर नाही? धर्मप्रचारकाच्या लेखणीतून हे वाक्य येणं सोपं नाही.

ठाण्याचा भाग राहिला. तो प्रतिसादात टाकतो.

--------

चिंचपोकळी :

रुमाल टाकून ठेवतोय. रात्री सावकाश वाचतो.

--------

कल्याणकर :

वा! यिशोयाबच्या नावावरून एक जोड देतो. या बाबाचा आपल्या किनाऱ्याशी थेट संबंध आहे. सहाव्या शतकाच्या मध्यावर कोस्मास नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी (पुढे साधू) लिहितो की 'कल्लियाना' इथे ख्रिस्ती बिशप आहे आणि त्याची नेमणूक इराणातून होते. बरेच अभ्यासक हे आपलं कल्याण मानतात. हिंदुस्थानातल्या बिशपांची व्यवस्था तेव्हा इराणच्या फार्स प्रांतातल्या रेव-अर्दशीरच्या महाधर्माध्यक्षाकडे होती. त्याचं आणि यिशोयाबचं फाटलं. तुमच्या हट्टापायी हिंदुस्थानातली बिशपांची परंपरा खंडित झाली, असं यिशोयाब त्याला ठणकावतो. ओमानवाल्यांचे वाभाडे काढले तेही याच माणसाला लिहिताना. म्हणजे इस्लामबद्दलच्या अगदी जुन्या ख्रिस्ती मतांपैकी एक ज्या पत्रव्यवहारात आहे, त्याच पत्रव्यवहारात आपल्या किनाऱ्याची काळजी आहे. कल्याण स्टेशनवर उभं राहून हे सांगितलं तर लोक वेड्यात काढतील.

--------

बोरूबहाद्दर :

@कल्याणकर, बहार! तिमथीने पुढे हिंदुस्थान फार्सच्या हाताखालून काढून थेट आपल्याकडे घेतला, तो या भांडणाचा शेवट म्हणायचा.

आता ठाणे. साल १३२१. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर हे फ्रान्सिस्कन संघाचे साधू, बरोबर दुभाषा दिमित्री, आणि जॉर्डानुस नावाचा डॉमिनिकन. जायचं होतं कोल्लमला, गलबताने आणून सोडलं ठाण्याला. उतरले एका नेस्टोरियन (यिशोयाब-तिमथींच्याच पूर्वेकडच्या चर्चच्या) ख्रिस्त्याच्या घरी. जॉर्डानुस सोपारा-भडोचकडे निघून गेला. इकडे घरमालकाचं आणि बायकोचं भांडण झालं, त्याने तिला मारलं, ती काझीकडे गेली आणि साक्षीला पाहुण्यांची नावं दिली. मारझोडीच्या फिर्यादीतून ही मंडळी दरबारात उभी राहिली आणि तिथे वाद धर्मावर घसरला. महंमदांबद्दल काय म्हणता, असा प्रश्न आला. तिमथीला खलिफाने विचारलेला तोच प्रश्न! थॉमसने तोलून मापून बोलायचं नाकारलं आणि सरळ निंदा केली. एप्रिलचा महिना, ठाण्याचं ऊन; आधी त्यात बांधून उभं केलं, मग आगीत घातलं. जेम्स जळला नाही, असं कथा सांगते. मलिक म्हणजे तिथला सुभेदार त्यांना सोडून द्यायला तयार होता. काझीच्या आग्रहावरून ९ एप्रिलच्या रात्री तिघांना मारलं, पीटरला दोन दिवसांनी.

हे आपल्याला कळतं ते जॉर्डानुसच्या पत्रांतून आणि ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाकडून. ओडोरिक थोड्या काळाने ठाण्याला आला, अस्थी गोळा केल्या आणि चीनला घेऊन गेला. दिल्लीच्या सुलतानाने मलिकला देहदंड दिला असंही तो सांगतो. यात गंमत अशी की संतचरित्राचा साचा जसाच्या तसा वापरूनही काझी वेगळा, मलिक वेगळा, दोघांची मतं वेगळी, वर दिल्लीचा दाब, हे सगळं तपशिलात उतरलंय. रोलंडच्या गाथेत असलं काही शोधून सापडणार नाही.

--------

पाणकोंबडी :

ओडोरिकचे ठाण्याचे उंदीर राहिले की! तो म्हणतो इथले उंदीर कुत्र्याएवढे असतात आणि मांजरांना आवरत नाहीत म्हणून कुत्रे त्यांना पकडतात. घुशी हो, घुशी. आमच्या नौपाड्याच्या सोसायटीत या आणि बघा, गडी अजिबात अतिशयोक्ती करत नव्हता.

--------

चिंचपोकळी :

वाचलं. दोन शंका. एक, सेबिओस शांतपणे लिहितो म्हणून तो खरा आणि योहान चिडून लिहितो म्हणून तो संशयास्पद, असं काहीसं तुमच्या लेखात झालंय. शांत आवाजात खोटं बोलता येतंच की. दोन, 'आपल्याच माणसांसाठी लिहिलं' हे तिमथीला कसं लागू करणार? समोर खुद्द खलिफा बसला होता.

--------

बोरूबहाद्दर :

दुसरी शंका आधी घेतो, ती आवडली. वाद अरबीत झाला, खलिफासमोर झाला, मान्य. पण आपल्या हातात आहे ते तिमथीने नंतर सर्जियस नावाच्या ओळखीतल्या पाद्र्याला सिरियाकमध्ये लिहिलेलं पत्र. दरबारात काय झालं याची ही एकाच बाजूची हकिकत. घरी आल्यावर आपली उत्तरं आपल्याला नेहमीच जास्त चांगली सुचतात. ही हकिकत पाद्र्यांनी पुढे शतकानुशतकं उतरवून ठेवली ती 'उद्या अमीराने हाच प्रश्न विचारला तर काय बोलायचं' याचा नमुना म्हणून. म्हणजे वाचक पुन्हा घरचेच.

पहिलीबद्दल : सेबिओस जे सांगतो ते इतर भाषांतल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या मजकुरांशी ताडून पाहता येतं, म्हणून त्याला वजन. योहानाच्याही सूरांच्या नावांना मी वजन देतोच. काबाच्या दगडाच्या डोक्याला देत नाही.

--------

बाणकोटी :

उत्तम धागा. नावावरून मंडळींना अंदाज आलाच असेल, मी मुसलमान घरचाच माणूस. त्यामुळे पूर्वी काय काय लिहिलं गेलं ते वाचताना थोडं टोचतं, पण इतिहास म्हणून वाचायला हरकत नाही. निंदेचे उतारे न देता तुम्ही मुद्दा मांडलात, बरं केलंत.

आता पारडं दुसऱ्या बाजूने बघू. सीरियातल्या शैझरचा सरदार उसामा इब्न मुन्किध, जन्म १०९५. क्रूसेडवाल्यांशी लढला आणि त्यांच्या ओळखीही ठेवल्या. म्हातारपणी आठवणी लिहिल्या. जेरुसलेमला गेला की टेम्पलर (क्रूसेडवाल्यांचा लढवय्या साधुसंघ) सरदार त्याचे दोस्त. ते अल-अक्साशेजारच्या एका लहान मशिदीत त्याला नमाजाला जागा मोकळी करून देत. एकदा तो नमाजाला उभा असताना एक फिरंगी धावत आला, त्याचं तोंड धरून पूर्वेकडे वळवलं आणि म्हणाला, प्रार्थना अशी करायची! टेम्पलरांनी त्याला बाहेर काढलं आणि माफी मागितली : हा नुकताच त्याच्या मुलखातून आलाय, पूर्वेकडे तोंड न करता प्रार्थना करणारा माणूस त्याने पाहिलेला नाही. उसामाचं निरीक्षण असं की नवा आलेला फिरंगी जास्त आडमुठा, मुरलेला बरा.

बाकी फिरंगी वैद्याने कुऱ्हाडीने पाय तोडायला लावल्याची त्याची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. त्यालाही आपल्या वाचकांना हसवायचं होतंच. तुमचा मुद्दा आमच्या बाजूलाही लागू.

--------

गावगुंडाळ :

हे असले धागे बरोबर आत्ताच कसे निघतात? आणि आजच्या परिस्थितीबद्दल एक शब्द नाही. सोयीस्कर मौन.

--------

कल्याणकर :

@गावगुंडाळ, विषय सातवं ते चौदावं शतक आहे. आजचं हवं असेल तर राजकारण विभागात रोज तीन धागे उघडतात. याचं काश्मीर करू नका.

--------

मावशीबोली :

नवखा फिरंगी आणि मुरलेला फिरंगी यावरून एक माणूस आठवला. ट्रान्सिल्व्हेनियाचा जॉर्ज. १४३८ मध्ये तुर्कांनी शहर घेतलं तेव्हा पकडला गेला, वीस वर्षं तुर्कस्तानात गुलामगिरी केली, सुटल्यावर डॉमिनिकन होऊन रोमला पुस्तक लिहिलं, छापलं गेलं १४८१ मध्ये. चालीरीतींचं वर्णन हवं असेल तर हाच गाठावा. मशिदीत शिरताना जोडे काढणं, हातपाय धुणं, आत कमालीची शांतता, बायकांचं साधं वागणं, घरादारातली स्वच्छता, सगळं बारकाईने लिहिलंय. आणि एक कबुलीही देतो की काही महिने आपलीही श्रद्धा डळमळली होती.

पण पुस्तकाचा हेतू काय? ख्रिस्त्यांनो सावध राहा, सैतान इतक्या सुंदर रूपात येतो! १५३० मध्ये पोपविरुद्ध उठलेल्या मार्टिन लूथरने ते पुन्हा छापलं आणि प्रस्तावनेत पोपवाल्यांना टोमणा मारला : उपासतापास, विधी, बाहेरचं सोवळं यालाच धर्म म्हणायचं तर तुर्क तुमच्या कितीतरी पुढे आहेत. तुर्क राहिले बाजूला, भांडण पोपशी. बोरूबहाद्दर, तुमच्या मुद्द्याला याहून चांगला साक्षीदार मिळायचा नाही.

--------

बोरूबहाद्दर :

@मावशीबोली, अगदी! आणि याच लूथरने १५४२ मध्ये रिकोल्दोचं खंडनाचं पुस्तक जर्मनमध्ये आणलं. रिकोल्दोची स्तुती मात्र तशीच मागे राहिली. खंडनाच्या आवृत्त्या निघाल्या, देवाला लिहिलेली पत्रं जुन्या हस्तलिखितांत पडून राहिली.

त्याच वर्षी बाझलमध्ये रॉबर्टचं चारशे वर्षं जुनं लॅटिन कुराण छापायला घेतलं म्हणून नगरपालिकेने ओपोरिनस या छापखानेवाल्याला आत टाकलं. लूथरने पत्र लिहून भीड घातली. म्हणणं असं की तुर्कांचं नुकसान करायचं तर त्यांचा ग्रंथ उघड करण्यासारखा उपाय नाही. १५४३ मध्ये पुस्तक निघालं. बंदी घालणारे आणि छापा म्हणणारे, दोघांनाही ते वाचून कुणी मुसलमान होईल का, एवढीच चिंता होती.

@बाणकोटी, उसामाबद्दल धन्यवाद. ती गोष्ट मूळ लेखात हवी होती इतकी चपखल आहे.

--------

पाणकोंबडी :

अवांतर : हवेत लटकणारी शवपेटी ती कुठली? चुंबकाने तरंगणारी? कॉलेजात एका प्राध्यापकांनी सांगितल्याचं आठवतं.

--------

मावशीबोली :

मध्ययुगातली युरोपी दंतकथा. महंमदांची पेटी मक्केत लोहचुंबकांच्या ओढीने अधांतरी लटकते, भोळे लोक चमत्कार समजतात, वगैरे. वास्तविक दफन मदिनेत, मक्केत नाही. ही कथा मोडली ती बोलोन्याच्या लुडोव्हिको दि वार्तेमाने. हा १५०३ मध्ये दमास्कसहून मामलुक (तिथल्या सुलतानाच्या फौजेतला) शिपाई बनून हजच्या काफिल्यात घुसला, मदिना आणि मक्का दोन्ही पाहिली. काबाभोवतीच्या सात फेऱ्या, झमझमचं पाणी अंगावर ओतून घेणं, कुर्बानी, सैतानाला खडे मारणं, सगळं लिहिलं, आणि पेटीबिटी काही लटकत नाही असं स्पष्ट सांगितलं. १५१० मध्ये रोमला पुस्तक निघालं. पण याच गृहस्थाने मक्केत दोन एकशिंगी घोडे पाहिल्याचंही लिहिलंय! तर घ्या.

पुढे तो आपल्याकडे चौल, दाभोळ, गोवा, विजापूर करत गेला. विजापूरचा दरबार आणि लष्कर यांवर बरं लिहिलंय.

--------

मांडवीकाठ :

गोव्याचं नाव आलं म्हणून थोडं लिहितो. १५७९ च्या नोव्हेंबरात गोव्याहून तीन जेझुइट (एका ख्रिस्ती धर्मसंघाचे पाद्री) अकबराकडे निघाले : रुदोल्फो अक्वाविवा, आंतोनियो मोन्सेराते आणि फ्रान्सिस्को हेन्रिक्स. हेन्रिक्स मूळचा होर्मुझकडचा, इराणी मुसलमान घरातला, धर्म बदललेला, फारसी त्याचीच. १५८० च्या फेब्रुवारीत फत्तेपूर सिक्रीला पोचले. तिथे मुल्लांशी रात्र रात्र वाद. तयारी कशावर केली? लॅटिन कुराणावर! म्हणजे क्लूनीच्या पीटरची शिदोरी चारशेहून जास्त वर्षं पुरली. पुस्तकात वाचलेला मुसलमान आणि समोर बसलेला अकबर यांचा मेळ काही बसेना. मोन्सेराते ते मोकळेपणी लिहितो : बादशहा ऐकतो, बायबल डोक्यावर ठेवतो, प्रश्न विचारतो, आणि ख्रिस्ती होत नाही.

यातला अक्वाविवा मुसलमानी दरबारात तीन वर्षं पैगंबरांवर टीका करूनही सुखरूप राहिला, आणि गोव्याला परतल्यावर १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीत मारला गेला. तिथे देवळं पाडली गेली होती, गाव खवळलं होतं. ती कथा वेगळीच, आमच्याकडे तिच्या दोन बाजू अजून भांडतात. इथे नको.

--------

बाणकोटी :

@मांडवीकाठ, त्यावर वेगळा धागा काढाच. कुंकळ्ळीच्या गांवकारांच्या बाजूने मराठीत फार थोडं वाचायला मिळतं.

--------

चिंचपोकळी :

+१. बोरूबहाद्दर, एवढ्या नावांत गोंधळलो. नवख्याने सुरुवात कुणापासून करावी? इंग्रजी भाषांतरं चालतील.

--------

बोरूबहाद्दर :

तिमथीपासून. दोन दिवसांचा संवाद आहे, नाटकासारखा वाचून होतो, आणि खलिफा मठ्ठ दाखवलेला नाही. काही ठिकाणी त्याचे प्रश्न तिमथीच्या उत्तरांपेक्षा सरस आहेत. मग रिकोल्दोची पत्रं. उसामा यांच्या मध्ये कुठेही घ्या, तो केव्हाही चालतो. योहान सगळ्यांत शेवटी : पानं थोडी आहेत, पण आधी वाचलात तर बाकीचे सगळे त्याच्याच चष्म्यातून दिसायला लागतात. रोलंडची गाथा इतिहास म्हणून हातात घेऊ नका, गाथा म्हणून घ्या. आणि ठाण्यात राहत असाल तर ओडोरिकची घुशींची पानं आधी.